पाळणा ते भैरवी: आयुष्याचे टप्पे मांडणारी छोटी बैठक कशी बसवावी

जन्मापासून शेवटापर्यंतचं आयुष्य गाण्यांतून उभं करायचं म्हटलं की आधी गाण्यांची यादी होते आणि ती चटकन भरते. पाळणे, भोंडल्याची गाणी, लावण्या, नाट्यपदं, ओव्या, अभंग, मराठीत कशाचीच वाण नाही. तरीही असे बरेच कार्यक्रम वाद्यवृंदासारखे वाटतात: एक गाणं संपतं, टाळ्या होतात, निवेदक बोलतो, पुढचं गाणं सुरू होतं. आयुष्य पुढे सरकतंय असं काही जाणवत नाही. त्याचं कारण सांध्यांमध्ये असतं. कुठल्या स्वरावर गाणं सोडलं, पुढचं कोणी उचललं, मध्ये किती शांतता राहिली, यावर अशा बैठकीचं यश ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत गाण्यांइतकीच जागा पट्टी (गायक ज्या स्वराला ‘सा’ धरतो तो), क्रम आणि जोडण्यांना दिली आहे.

हे सगळं साठ-सत्तर श्रोते, दोन गायक आणि तीन-चार साथीदार धरून लिहिलं आहे. मोठ्या नाट्यगृहासाठी हा आराखडा नाही. पाळणा शेवटच्या रांगेतही विनामाइक ऐकू यावा, एवढीच जागा हवी.

पायरी १: वेळ आणि जागा

रविवारी सकाळी दहाची वेळ सगळ्यांत सोयीची. भैरवी मुळात सकाळची, पण रिवाजाने कुठल्याही मैफिलीच्या शेवटी चालते. सकाळच्या बैठकीत ती दोन्ही अर्थांनी जागेवर येते. मध्यावर सारंग राग वाजवायचा तर तोही अकराच्या सुमारास आपसूक बसतो. रात्रीची बैठक ठेवलीत तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते हे धरून सव्वासातला सुरुवात करा आणि सारंगाच्या जागी भीमपलास नको, बागेश्री घ्या. भीमपलास दुपारचा आहे.

श्रोते भारतीय बैठकीवर बसणार असतील तर माणशी सहा ते सात चौरस फूट धरा. साठ जणांना साधारण चारशे चौरस फूट, कलाकारांना ८ बाय १० फुटांचा चौथरा आणि मधली वाट, म्हणजे २० बाय ३० फुटांचा हॉल पुरतो. चौथरा एक ते सव्वा फुटापेक्षा उंच नको. उंची वाढली की अंतर वाढतं आणि बैठकीचा समारंभ होतो. मागच्या भिंतीलगत पंधरा-वीस खुर्च्या ठेवाच. या विषयाला ज्येष्ठ मंडळी मोठ्या संख्येने येतात आणि गुडघेदुखीवाल्याला दीड तास मांडी घालून बसवणं हा छळ आहे.

जागा बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर तिथे शब्द फुटणार नाहीत आणि ओव्या-अभंगांत शब्दच गेले तर उरतं काय? जाड पडदे, सतरंज्या आणि मागच्या भिंतीवर दोन-तीन गोधड्या लावल्या तर बराच फरक पडतो. साठ माणसं बसल्यावरही घुमणं कमी होतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये थोडी गुंज असली तर घाबरू नका.

पायरी २: माणसं

एक गायिका, एक गायक, एक संवादिनीवादक (पेटीवाला), एक तबलजी, तालवाद्यांसाठी एक जण आणि एक निवेदक. तबल्यासोबत पखवाज आणि ढोलकी लागणार. तबलजी ढोलकीही चांगली वाजवत असेल तर काम सोपं होतं, पण तबल्याच्या बोटांनी वाजवलेली ढोलकी लगेच कळते. शंका असेल तर लावणीपुरता ढोलकीवाला वेगळा बोलवा. व्हायोलिन मिळालं तर उत्तम. बासरी घ्यायची असेल तर दोन पट्ट्यांच्या बासऱ्या लागतील आणि वाजवताना गरम झाली की तिचा स्वर थोडा चढतो, हे लक्षात ठेवा.

दोन्ही आवाज प्रौढ असावेत. पाळण्यासाठी कोवळा आवाज आणि शेवटासाठी थकलेला आवाज शोधायला जाऊ नका. तेच दोन आवाज बारशापासून निरोपापर्यंत ऐकू येतात, तेव्हाच श्रोत्याला एक आयुष्य दिसतं.

पायरी ३: निवड, आणि हमखास चुकीच्या जागी पडणारी गाणी

पुढचा क्रम नमुन्यादाखल आहे. मिनिटं मात्र काटेकोर पाळावीत.

पाळणा, ५ मिनिटं
भोंडल्याचं गाणं, ४
बैठकीची लावणी, ७
नाट्यपद ‘मम आत्मा गमला’, ८
मंगलाष्टक, ३
‘कन्या सासुऱ्यासी जाये’, ७
जात्यावरच्या ओव्या आणि त्यातून ‘अरे संसार संसार’, ९
‘कांदा मुळा भाजी’, ५
वृंदावनी सारंग, शब्दांविना, १४
‘म्हातारा इतुका न’, ४
‘लहानपण देगा देवा’, ६
‘याचसाठी केला होता अट्टाहास’, ६
‘आम्ही जातो आपुल्या गावा’, भैरवी, ९

बेरीज ८७ मिनिटं. निवेदनाला आठ आणि वाद्यांच्या अदलाबदलीला पाच मिनिटं धरली तर शंभर. दहाला सुरू केलेली बैठक अकरा चाळीसला संपते. मध्यंतर नको. चहाला उठलेला श्रोता परत येतो तेव्हा त्याच्या डोक्यात पार्किंग आणि जेवण असतं, आणि संसाराचा टप्पा तिथेच विस्कटतो.

पाळणा ठरावीक पुस्तकातला घेण्यापेक्षा गायिकेच्या घरचा घ्या. ‘पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी’ करत बाराव्या दिवसापर्यंत जाणारी बारशाच्या पाळण्याची रचना महाराष्ट्रभर आहे, चाली मात्र गावोगाव वेगळ्या. बाराही कडवी गाऊ नका, पाच पुरेत. पण पहिलं आणि बारावं ठेवा, कारण नाव ठेवण्याचा क्षण बाराव्यात येतो.

भोंडल्यासाठी ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ घ्यावं. ‘ऐलमा पैलमा’ जास्त ओळखीचं आहे, पण ते सुरुवातीचं आवाहन आहे. कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक काम पुढे करते. पाटाभोवती फेर धरणाऱ्या लहान मुली हे गाणं सासर म्हणजे काय ते कळण्याआधीच पाठ करतात. वीस मिनिटांनी लग्नाचा टप्पा येतो तेव्हा श्रोत्याला हे गाणं आठवतं. निवेदकाने ते सांगायची गरज नाही.

‘लहानपण देगा देवा’ बालपणाच्या टप्प्यात घातलेलं वारंवार ऐकू येतं. तिथे ते बसत नाही. पुढची ओळ बघा: ‘ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’. तुकोबा इथे मोठेपणाचा भार नको म्हणतायत, बाळपणाचे लाड मागत नाहीत. हा अभंग सगळं मिळवून झालेल्या माणसाच्या तोंडी शोभतो, म्हणून तो उत्तरार्धात ठेवला आहे. तिथे तो ऐकणाऱ्याला आजोबांच्या वयाचाही वाटतो आणि नातवाच्याही.

तारुण्यासाठी दोन गाणी मुद्दाम वेगळ्या जातीची आहेत. लावणी सोलापूरच्या राम जोशींची, ‘सुंदरा मनामध्ये भरली’. ती गायकाने बसून, अदाकारी गळ्यातच ठेवून गावी. पुरुषाच्या नजरेतलं तारुण्य ते. उलट ‘मम आत्मा गमला’ रुक्मिणीचं, १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’मधलं, भास्करबुवा बखल्यांच्या चालीतला बिहाग. बिहाग रात्रीचा आणि आपली बैठक सकाळची, म्हणून कोणी भुवया उंचावेल. नाटकात पद प्रसंगाप्रमाणे येतं, घड्याळाप्रमाणे नाही. हीच मुभा इथेही घ्यावी. मात्र आलापी वाढवून त्याची रागाची बैठक करू नये. आठ मिनिटं म्हणजे आठच.

संसाराच्या टप्प्यावर बायकांच्या गाण्यांची रेलचेल आणि पुरुषांची चणचण, ही अडचण प्रत्येकाला येते. सावता माळ्यांचा ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ तिथे कामाला येतो, कारण तो कष्टाचा आणि रोजच्या धंद्याचा अभंग आहे. तरीही चाळिशी ते साठीचा मोठा पट्टा उरतोच. तो शब्दांनी भरू नका. चौदा मिनिटं व्हायोलिन किंवा संवादिनीवर वृंदावनी सारंग ठेवा: तीन-चार मिनिटं आलाप, मग मध्यलय तीनताल, शेवटी थोडी द्रुत. श्रोत्यांपैकी अर्धे लोक याच वयातून जात असतात. इतका वेळ शब्द नसले की प्रत्येक जण आपापली वर्षं तिथे भरतो. संयोजकांना हा भाग कापायचा मोह सगळ्यांत जास्त होतो, आणि कापला की कार्यक्रम लग्नावरून थेट म्हातारपणावर उडी मारतो.

‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’मधलं पद. पंचाहत्तरीच्या नवरदेवाची त्यात टर उडवली आहे. लोक खळखळून हसतील, आणि सारंगाच्या गांभीर्यानंतर ते हवंच असतं. पण हा नवरदेव कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघाला आहे, एवढं एक वाक्य निवेदकाने आधी सांगावं. नाहीतर तीच टर समोर बसलेल्या पंचाहत्तरीच्या श्रोत्यांवर जाते.

पायरी ४: पट्टी ठरवणं

इथे अर्धं काम होतं. गायकाची पट्टी काळी एक आणि गायिकेची काळी चार धरा (पेटीच्या सप्तकातली पहिली आणि चौथी काळी पट्टी). ही जोडी बऱ्याच आवाजांना मानवते आणि तिचा एक मोठा फायदा आहे: काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. गायकाचा मध्य सप्तकातला पंचम आणि गायिकेचा मध्य षड्ज (सा) एकाच उंचीवर येतात. म्हणजे गायकाने पंचमावर सोडलेला स्वर गायिकेला षड्ज म्हणून तसाच उचलता येतो.

गायकाची पांढरी दोन असेल तर गायिकेची पांढरी सहा घ्या, नातं तेच राहतं. गायिकेचा आवाज त्यापेक्षा अर्धा स्वर खाली-वर असेल तर गायकाने जुळवून घ्यावं, कारण या क्रमात वरच्या सप्तकातली कामं गायिकेच्या वाट्याला जास्त आहेत.

तबला काळी एकला लावा. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला या स्वराला छान बोलतो. गायकासाठी तो षड्ज, गायिकेसाठी तोच मध्यम (म) होतो. बिहागात शुद्ध मध्यम आहे, त्यामुळे ‘मम आत्मा’ला चालून जातं. पण त्याऐवजी यमनातलं ‘नाथ हा माझा’ घ्यायचं ठरवलंत तर मध्यमाला लावलेला तबला प्रत्येक ‘ना’बरोबर कानाला टोचेल, कारण यमनात मध्यम तीव्र. भूपातल्या चालीलाही हेच, तिथे मध्यमच वर्ज्य. अशा वेळी काळी चारला लावलेला, मोठ्या तोंडाचा ढाल्या (खालच्या) स्वराचा दुसरा तबला शेजारी तयार हवा. चालू कार्यक्रमात गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत पट्टी बदलायला जाऊ नका. तो ठोकण्याचा आवाज आणि ती तीन मिनिटं मागचं सगळं पुसून टाकतात.

सगळ्यांनी संवादिनीला जुळवून घ्यायचं असतं, कारण तिचे स्वर कार्यक्रमाच्या दिवशी हलवता येत नाहीत. जुनी पेटी असेल तर आदल्या आठवड्यात ट्यूनरवर काळी एक आणि काळी चार तपासा. पेटी किंचित चढी किंवा उतरी निघाली तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा बारीक स्वर तिच्याप्रमाणे लावा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. शक्यतो दोन तानपुरे ठेवा, एक काळी एकला, एक काळी चारला. सांध्याच्या जागी पहिल्याचा आवाज हळूहळू उतरवून दुसऱ्याचा चढवता येतो.

पायरी ५: सांधे

सगळ्यांत महत्त्वाचा सांधा मंगलाष्टकातून ‘कन्या सासुऱ्यासी’मध्ये जाण्याचा. तो नीट बसवला की बाकीचे सांधे सुचत जातात.

मंगलाष्टक गायकाने गायचं, तालाशिवाय. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’ हेच घ्या. ते सगळ्यांच्या कानात असतं आणि श्रोते मनातल्या मनात अक्षता हातात घेतात. शार्दूलविक्रीडित वृत्त, चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. म्हणजे श्वास ‘यमुना’नंतर घ्यायचा, त्याआधी नाही. घाईत लोक ‘सरस्वती’वर श्वास घेतात आणि चरण लुळा पडतो. गायक शेवटचं ‘मंगलम्’ नेहमीप्रमाणे षड्जावर आणेल. तसं न करता त्याला ते पंचमावर थांबवायला सांगा, आणि ‘सावधान’ म्हणू नका. श्रोते ते मनातच म्हणतात.

आता गायक थांबला, पेटीने तोच पंचम पातळ धरून ठेवला, काळी एकचा तानपुरा उतरत गेला आणि काळी चारचा वर आला. चार-पाच सेकंद एवढंच. टाळ्या यायच्या आत गायिकेने त्याच स्वरावर, षड्ज म्हणून, ‘कन्या’ उचलायचं. पहिलं ध्रुपद (परतून येणारी ओळ) तालाविना. पखवाज किंवा तबला ‘मागे परतोनी पाहे’ दुसऱ्यांदा आल्यावर, भजनी ठेक्यात, एकेरी. निवेदन इथे बिलकूल नको.

तुकोबांचा हा अभंग केशवाच्या ओढीचा आहे, पाठवणी ही त्यातली उपमा. म्हणून तो रडवेला करू नका. शेवटाकडे ‘चुकलिया माये, बाळ हुरुहुरु पाहे’ येतं तेव्हा गायिकेने पाळण्यातली एक छोटी स्वरसंगती त्यात अलगद आणली तर जाणत्या कानाला पुरतं. एकदाच, पुन्हा नाही.

दुसरा अवघड सांधा ओव्यांचा. ओवीला तबल्याचा ठेका नसतो, जात्याचा फेरा हाच तिचा ताल. जातं खरंच आणायचं असेल तर चौथऱ्याच्या एका टोकाला दुहेरी गोणपाटावर ठेवा, लाकडी चौथऱ्यावर थेट ठेवलं तर घरघर सगळ्या फळीतून माइकमध्ये शिरते. पाव किलो ज्वारी पुरते. गायिकेने एका हाताने खुंटा फिरवत दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण (दाणे) घालायची. वैरण न घालता फिरवलेलं जातं दगडावर दगड घासून कर्कश ओरडतं. हा आवाज ओवीचा नाही. दोघींनी समोरासमोर बसून ओढलं तर फेरा संथ आणि सारखा राहतो आणि ओवी एकीकडून दुसरीकडे जाते. दोन-तीन दिवस सराव केल्याशिवाय गाताना जातं ओढायला जाऊ नका, दम लागतो आणि स्वर हलतो. पिठाचा फफुटा उडतो म्हणून तबला तीन-चार हात लांब ठेवावा.

ओव्या कुठून घ्यायच्या? घरातल्या, शेजारच्या, गावच्या म्हाताऱ्या बायकांकडून पहिल्याने. त्याशिवाय हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. तिथे लेकीच्या, भावाच्या, माहेराच्या ओव्या विषयवार सापडतात. सहा ओव्या निवडा, शेवटची चुलीवर किंवा भाकरीवर येईल अशी, म्हणजे जातं थांबल्या थांबल्या बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार’ आपोआप पुढे येतं. ते ओवीच्याच चालीत गावं. चित्रपटातून घराघरांत गेलेली चाल लोक मागतील, पण त्या चालीचे हक्क वेगळे, आणि जात्याजवळ बसलेल्या बाईच्या तोंडी ती ऐनवेळी सजवल्यासारखी वाटते.

बाकीचे सांधे थोडक्यात. पाळण्यानंतर भोंडल्याला टाळ्यांचा ठेका मागच्या रांगेतल्या दोन-तीन जणींनी सुरू करावा, चौथऱ्यावरून नाही. ‘कांदा मुळा’ची लय शेवटाला वाढवत न्या आणि सारंग अगदी संथ सुरू करा. ‘लहानपण’ आणि ‘याचसाठी’ यांच्यामध्ये टाळ बंद करून फक्त तानपुरा ठेवा.

पायरी ६: निवेदन

आठ तुकडे, प्रत्येकी एक मिनिट. सावकाश मराठी वाचनात मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द जातात, तेव्हा तुकडा नव्वद शब्दांचा लिहा. कवितांची उधार भरणी नको. रामदासांच्या दासबोधाचा तिसरा दशक हाताशी घ्या. ‘जन्म दुःखाचा अंकूर, जन्म शोकाचा सागर’ इथून सुरू करून समर्थ एका माणसाचं लग्न, पोरंबाळं, कर्ज, दुसरं लग्न, म्हातारपण असं सगळं आयुष्य सांगत जातात, आणि तेही न गोंजारता. त्यातल्या दोन-दोन ओव्या प्रत्येक टप्प्याआधी वाचल्या तर गाण्यांतला गोडवा बेताचा राहतो.

एक पथ्य: ‘आपण सगळेच या वाटेने जातो’ अशी वाक्यं टाळा. समोर लग्न न केलेले, मूल नसलेले, जोडीदार गमावलेले लोक बसलेले असतात. ‘सुवासिनी’, ‘संसाराची पूर्तता’ असे शब्द नकोत. एका माणसाचं आयुष्य सांगतोय, एवढंच धरून बोला. आणि पडद्यावर चित्रफीत लावू नका. पाळणा ऐकताना प्रत्येकाला आपापलं घर दिसत असतं, त्यावर दुसऱ्याचं बाळ कशाला?

पायरी ७: तालमी आणि एक कागद

तीन तालमी पुरतात. पहिली तीन आठवडे आधी, फक्त पट्टी आणि लय ठरवायला. दुसरी फक्त सांध्यांची: प्रत्येक गाण्याची शेवटची अर्धी आणि पुढच्याची पहिली अर्धी ओळ, बाकी काही नाही. चाळीस मिनिटांत होते आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. तिसरी पूर्ण, त्याच हॉलमध्ये, घड्याळ लावून.

प्रत्येकासमोर एकच कागद असावा, मोठ्या अक्षरांत. त्यावर क्रम, गाणं, कोण, पट्टी, ठेका, मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात ‘कशावर संपतं, पुढे कोण उचलतं’. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर कार्यक्रमात नेमकी तिथेच सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

लयीचाही एकदा आढावा घ्या. अशा कार्यक्रमात पाच-सहा गाणी नकळत एकाच मध्यम लयीत जातात, आणि तासाभराने सगळ्यांना पेंग येते. भोंडला आणि ‘कांदा मुळा’ खरोखर जलद, पाळणा आणि ‘याचसाठी’ खरोखर संथ, हे तालमीतच पक्कं करा.

पायरी ८: त्या दिवशी

वाद्यं पाऊण तास आधी हॉलमध्ये आणून झाकणं काढून ठेवा. वातानुकूलन सुरू असेल तर तेव्हापासूनच सुरू ठेवा. कोरड्या थंड हवेत तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो, पावसाळी दमट हवेत तो उतरतो. सुरुवात होताना यंत्र चालू केलं तर पहिल्या वीस मिनिटांत तबला पेटीच्या वर गेलेला असेल. झोत थेट चौथऱ्यावर नको.

पखवाजाच्या धुमाला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) लावायची कणीक कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी भिजवा. मूठभर पीठ, पोळ्यांच्या कणकेपेक्षा थोडी सैल, मीठ-तेल काही नाही. फार आधी लावली तर वाळून कडा सुटतात आणि वाजवताना तुकडे उडतात, फार सैल झाली तर धुमा भिजून आवाज बसतो. पखवाज भजनी ठेक्यापासून पुढे लागतो, म्हणून लावल्यावर ओला रुमाल टाकून ठेवावा. वाजवून झाल्यावर कणीक लगेच खरवडून काढायची.

साठ जणांना खरं तर माइक लागत नाही, पण निवेदनाला आणि ‘याचसाठी’सारख्या हळू अभंगाला आधार म्हणून दोन छोटे स्पीकर चालतील. साउंडवाल्याला तीन गोष्टी लिहून द्या. पाळणा पूर्ण विनामाइक. टाळाला माइक नाही, आणि टाळाची एकच जोडी, नाहीतर अभंगातले शब्द झांजेत बुडतात. आवाजात घुमारा घालायचा नाही, शेवटच्या अभंगाला तर अजिबात नाही. प्रवेशिका विकत असाल तर तुकोबा, जनाबाई, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, बहिणाबाई यांच्या शब्दांचे हक्क आता कोणाकडे नाहीत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ते संपतात. नव्या चाली आणि चित्रपटगीतं घेतलीत तर परवाना काढावा लागतो.

स्वागत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभार, सगळं दहा मिनिटांत सुरुवातीलाच उरका. ‘आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा राम राम घ्यावा’ झाल्यावर कोणी माइक हातात घेऊन प्रायोजकांची नावं वाचायला लागलं तर शंभर मिनिटांचं काम वाया जातं. भैरवीनंतर काही गायचं नसतं, फर्माईशही नाही, हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगून टाकावं.

भैरवी दोघांनी मिळून गायची आहे. इथे एकाच पट्टीवर यावं लागतं आणि ती काळी एक असते. गायिकेला तार षड्जापर्यंतच जाऊ द्या, बाकी ध्रुपद मंद्रात, गायकाच्या आवाजाखाली. श्रोते ध्रुपद म्हणायला लागतात, लागू द्या. मात्र टाळ्यांचा ठेका सुरू झाला तर पखवाजाने लय धरून ठेवायची, पळू द्यायची नाही. शेवटचं ध्रुपद पखवाजाविना, टाळाविना, आणि नंतर तानपुरा किमान वीस सेकंद चालू ठेवायचा. दिवे लगेच लावू नका.

काही श्रोते डोळे पुसत बसून राहतात. नुकतंच घरातलं कोणी गेलेलं असतं, ते कोणाला सांगूनही आलेले नसतात. त्यांना उठवायची घाई नको, खुर्च्या आवरायला अर्धा तास थांबा. चहा बाहेरच्या व्हरांड्यात ठेवला की ज्यांना बोलायचं आहे ते तिकडे जातात. कलाकारांच्या बिदागीची पाकिटं आदल्या दिवशीच नावं घालून तयार ठेवा आणि वाद्यं खोळीत जायच्या आत प्रत्येकाच्या हातात द्या, साथीदारांना आधी.